शेजारी बांधकाम सुरू असताना पाळणाघरातील बालकांची काळजी

पालक, घरी पाळणाघर चालविणाऱ्या भगिनी आणि आरोग्य केंद्रात येणारे नागरिक यांच्यासाठी माहिती

आई-वडील दोघेही कामावर जात असल्यास लहान मूल दिवसाचे आठ ते दहा तास दुसऱ्याच्या घरी असते. कोठे त्या घराला पाळणाघर म्हणतात, तर कोठे नुसते मावशींचे किंवा आजींचे घर. अशा घराच्या शेजारी जुनी इमारत पाडली जाऊ लागली, पाया खोदला जाऊ लागला किंवा वरच्या मजल्यावर फरशीचे काम निघाले, की पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : मुलाला तेथे पाठवावे की नाही? पाळणाघर चालविणाऱ्या भगिनींपुढे त्याहून अवघड प्रश्न असतो. मुले येणे बंद झाले तर घरखर्च कसा भागवावा, आणि येत राहिली तर त्यांच्या जिवाची जबाबदारी कशी घ्यावी?

शेजारचे बांधकाम थांबविणे सहसा या दोघांच्याही हाती नसते. मात्र मूल आणि धोका यांमधील अंतर वाढविणे, तसेच सर्वांत धोक्याच्या कामाची वेळ आणि मुलांची वेळ एकत्र येऊ न देणे, या दोन गोष्टी बऱ्याच अंशी हाती असतात. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वीच बोलणी व्हावी लागतात. ही बोलणी कशी करावीत, रोज कोणती दक्षता घ्यावी आणि मुले दुसरीकडे केव्हा हलवावीत, हे या पत्रकात सांगितले आहे.

लहान मुलांना धोका अधिक का?

प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. एक-दोन वर्षांचे मूल साधारण २५ ते ३५ वेळा घेते. शरीराच्या वजनाच्या मानाने मुलाच्या फुप्फुसांत अधिक हवा जाते आणि हवेबरोबर धूळही अधिक जाते. मूल जमिनीलगत रांगते, बसते, खेळते. धूळही तेथेच साचते. हाताला लागलेले सर्व काही ते तोंडात घालते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असल्यामुळे थोडी सूज आली तरी श्वासाला त्रास होतो.

दुसरे कारण मुलाच्या वाढीत आहे. चालायला लागलेल्या मुलाला रेतीचा ढीग, पाण्याने भरलेले पिंप आणि मोठे यंत्र यांचे विलक्षण आकर्षण असते, परंतु धोक्याची जाण नसते. मागे येणाऱ्या ट्रकच्या चालकाला दोन-तीन वर्षांचे मूल आरशात दिसत नाही. म्हणून "तिकडे जाऊ नकोस" असे सांगणे हा बंदोबस्त नव्हे. दार बंद असणे, कडी मुलाच्या हाताच्या उंचीवर नसणे आणि एक जबाबदार व्यक्ती सतत नजरेच्या टप्प्यात असणे हाच बंदोबस्त होय.

काम सुरू होण्यापूर्वीची बोलणी

शेजारी पत्रे ठोकले जाऊ लागले किंवा हिरवी जाळी बांधली जाऊ लागली, की पाळणाघर चालविणाऱ्या भगिनींनी बांधकामावरील सुपरवायझर किंवा मुकादम यांना प्रत्यक्ष भेटावे. शक्य असल्यास एखाद्या पालकाला सोबत न्यावे. या भेटीत पुढील गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात.

१. पाडकाम, खोदाई, काँक्रीट भरणे, फरशी कापणे आणि रंगकाम ही कामे साधारण कोणत्या आठवड्यांत होतील?
२. ब्रेकर, कटर यांसारखी मोठ्या आवाजाची यंत्रे दिवसाच्या कोणत्या वेळी चालतील?
३. ट्रक आणि काँक्रीटची वाहने कोणत्या बाजूने येतील? त्या वेळी रस्त्यावर इशारा देणारा माणूस असेल काय?
४. रेती, खडी व राडारोडा कोठे ठेवला जाईल?
५. अडचण आल्यास कोणाला आणि कोणत्या क्रमांकावर फोन करावा?

तोंडी बोलण्याबरोबर एक छोटी चिठ्ठी दिल्यास ती कामावर लावून ठेवता येते. नमुना असा :

"आदरणीय सुपरवायझर साहेब, नमस्कार. आपल्या कामाच्या भिंतीला लागून तळमजल्यावर मी पाळणाघर चालवते. सकाळी ९ ते सायंकाळी ७ या वेळेत येथे सहा मुले असतात. सर्वांत लहान मूल दहा महिन्यांचे आहे. मुले दुपारी १ ते ३ झोपतात. त्या वेळेत शक्यतो ब्रेकर व कटर बंद ठेवावेत, कापण्याचे काम पाणी मारून व आमच्या खिडकीपासून दूर करावे आणि भिंत पाडण्याच्या आदल्या दिवशी आम्हांला कळवावे, ही विनंती. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे."

अशा विनंतीला नियमांचाही आधार आहे. ज्या शहरांत हवेतील धूलिकण विहित मर्यादेपेक्षा अधिक आहेत, तेथील बांधकामांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१८ मध्ये धूळ रोखण्याचे उपाय बंधनकारक केले. रेती, माती व राडारोडा उघडा न ठेवणे, तो रस्त्याच्या कडेला न टाकणे, मोकळ्या जागेत साहित्य न कापणे आणि माल वाहणारी वाहने झाकणे, हे त्यांपैकी काही उपाय होत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तेथे आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालविण्यास मनाई आहे. विनंती करूनही उपयोग न झाल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करावी आणि तक्रारीची पोच जपून ठेवावी. बहुतेक वेळा मात्र मुकादमांशी नीट बोलल्याने दुपारचे दोन तास शांत मिळू शकतात. कामावरील मजुरांचीही लहान मुले अनेकदा त्याच आवारात असतात. जे उपाय पाळणाघरातील मुलांना हितकारक, ते त्या मुलांनाही हितकारकच आहेत, हे बोलताना अवश्य सांगावे.

कामाचे टप्पे आणि त्यांतील धोके

बांधकामाचा धोका सर्व महिने सारखा नसतो. कोणता टप्पा चालू आहे हे ओळखल्यास नेमकी दक्षता घेता येते.

पाडकाम. हा सर्वांत धोक्याचा टप्पा होय. भिंती व स्लॅब पाडताना विटांचे तुकडे उडतात, धुळीचे लोट उठतात आणि हादऱ्यांमुळे शेजारच्या घरातील गिलावा सुटू शकतो. जुन्या इमारतीच्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम इतकी निश्चित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाच्या धुळीबाबत विशेष सावध राहावे, कारण शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. सिमेंटच्या जुन्या पन्हाळी पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यांचे तुकडे अंगणात पडल्यास मुलांना हात लावू देऊ नये आणि ते झाडूने लोटू नयेत. पाणी शिंपडून ओले करून, बांधकामाच्या माणसांकडून उचलवून घ्यावेत.

खोदाई व पाया. या टप्प्यात खड्डे, त्यांत साचणारे पाणी आणि अवजड वाहने हे मुख्य धोके असतात. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते. त्यासाठी विहिरीइतकी खोली लागत नाही, अर्धी भरलेली बादली पुरेशी असते. खोदाईत पाण्याची, गॅसची किंवा विजेची वाहिनी तुटू शकते. नळाला गढूळ पाणी आल्यास ते मुलांना देऊ नये. पाणी स्वच्छ दिसू लागेपर्यंत वाहू द्यावे आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता मुलांना घेऊन घराबाहेर पडावे. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. पाइप गॅस असल्यास बिलावरील क्रमांक दाराजवळ लिहून ठेवावा.

सांगाडा उभा राहणे. परांचीवरून हत्यारे, सळ्या, फळ्या खाली पडण्याचा धोका या काळात असतो. पाळणाघराच्या ज्या बाजूला बांधकाम आहे, त्या बाजूचे अंगण, गॅलरी किंवा गच्ची मुलांसाठी पूर्णपणे बंद करावी. घरावरून क्रेनने माल नेला जात असेल, तर त्या वेळी मुले घराच्या दुसऱ्या टोकाला किंवा दुसऱ्या घरी असावीत. काँक्रीटला पाणी मारण्यासाठी साठविलेल्या पाण्यात, स्लॅबवरील तळ्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि उघड्या पिंपांत डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून घरातील साठवणीचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून भांडी घासून कोरडी करावीत, आणि सुपरवायझरनाही हाच नियम पाळण्यास सांगावे. हा डास दिवसा चावतो. त्यामुळे दुपारी झोपणारी मुले मच्छरदाणीत असावीत.

विटकाम, गिलावा, फरशी. फरशी, ग्रॅनाइट, वीट आणि काँक्रीट यांत सिलिका असते. ते कोरडे कापल्यास डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ हवेत बराच वेळ तरंगते. मानवी केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. छातीत खोलवर उतरणारे धूलिकण त्याच्या कित्येक पटींनी लहान असतात. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा आजार मुख्यतः दीर्घकाळ अशा धुळीत काम करणाऱ्यांना होतो. शेजारच्या मुलांत प्रामुख्याने खोकला, डोळ्यांची जळजळ आणि दमा बळावणे हे त्रास दिसतात. पाणी मारून कापल्यास ही धूळ पुष्कळ कमी होते, म्हणून वरील चिठ्ठीत ती विनंती घातली आहे. ओले सिमेंट आणि चुना तीव्र अल्कधर्मी असतात. त्यांनी त्वचा भाजते, आणि हे भाजणे पहिल्या काही मिनिटांत जाणवतही नाही.

रंगकाम. रंग, थिनर, टर्पेंटाइन यांचे डबे मुलांच्या हाती लागू नयेत. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरलेले थिनर मूल पाणी समजून पिते. जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला जात असेल, तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात.

घरातील धूळ कमी ठेवण्याची रीत

धूळ पूर्ण बाहेर ठेवता येत नाही, पण घरात आलेली धूळ पुन्हा हवेत उडू न देणे शक्य असते. कोरडा झाडू मारल्यास जमिनीवरील धूळ मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते. म्हणून ओल्या फडक्याने जमीन पुसावी. सकाळी मुले येण्यापूर्वी एकदा, दुपारच्या झोपेपूर्वी एकदा आणि कामगार गेल्यानंतर एकदा पुसणे योग्य. फडके धुतलेले पाणी अंगणात न ओतता मोरीत ओतावे.

बांधकामाच्या बाजूच्या खिडक्या काम सुरू असताना बंद ठेवाव्यात आणि फटींवर ओला कपडा लावावा. परंतु संपूर्ण घर दिवसभर बंद ठेवणेही योग्य नव्हे. स्वयंपाकाचा धूर, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांमुळे बंद घरातील हवा बाहेरच्या हवेपेक्षाही वाईट होऊ शकते. विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवावी. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत आणि काम सुरू होण्यापूर्वी सर्व खिडक्या उघडून घर हवेशीर करावे. या काळात घरात कॉइल, धूप आणि शेगडी पेटवू नये.

मुलांच्या चपला उंबरठ्याबाहेर ठेवाव्यात. खेळणी रोज धुवावीत. कापडी खेळणी आणि जाड गालिचे तात्पुरते उचलून ठेवावेत. खाण्यापूर्वी, झोपेतून उठल्यावर आणि बाहेरून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. वाळत घातलेले कपडे, पाण्याची भांडी आणि अन्न झाकलेले असावे. लोहाची कमतरता असलेल्या मुलाच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. म्हणून ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांसाठी आशा कार्यकर्तीकडून मिळणारे लोह व फॉलिक ॲसिडचे सिरप चुकवू नये.

तोंडाला रुमाल बांधून बारीक धुळीपासून संरक्षण होत नाही. दोन वर्षांखालील मुलाला आणि झोपलेल्या कोणत्याही मुलाला मास्क लावू नये, कारण श्वास गुदमरण्याचा धोका असतो. लहान मुलासाठी मास्कपेक्षा अंतर हाच खरा उपाय आहे.

शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहण्याची सवय चांगली आहे. तो २०० च्या वर असल्यास हवा खराब समजली जाते आणि अशा दिवशी मुलांना बाहेर खेळवणे टाळावे. मात्र हा आकडा आपल्या खिडकीबाहेरच्या धुळीचा नसतो, तर मापन केंद्राच्या परिसराचा असतो. निर्देशांक समाधानकारक असूनही खिडकीच्या चौकटीवर तासाभरात पांढरी धूळ साचत असेल, तर चौकटीवरील धुळीवर विश्वास ठेवावा.

आवाज आणि झोप

एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप आवश्यक असते. ब्रेकरच्या आवाजाने दुपारची झोप रोज मोडत गेल्यास मूल चिडचिडे होते, जेवत नाही आणि सायंकाळी घरी गेल्यावर रडत राहते. पालकांना त्याचे कारण कळत नाही. म्हणून मूल किती झोपले, याची नोंद या काळात रोज पालकांना द्यावी.

पाळणा, झोळी किंवा गादी बांधकामाच्या भिंतीपासून सर्वांत दूरच्या खोलीत असावी. त्या जागेच्या वर फळी, तसबीर, घड्याळ किंवा जड वस्तू नसावी, कारण हादऱ्यांनी ती खाली येऊ शकते. पाळणा ज्या कडीला टांगला आहे, ती कडी आणि पंख्याचा हूक आठवड्यातून एकदा तपासावा. मुलांच्या कानात कापसाचे बोळे घालू नयेत. ते आवाज फारसा अडवत नाहीत आणि मूल ते काढून गिळू शकते. घरात टीव्ही मोठा लावून बाहेरचा आवाज झाकण्याचा प्रयत्नही करू नये. त्याने एकूण आवाज वाढतोच.

ये-जा करताना

सकाळी सोडताना आणि सायंकाळी नेताना मुलाचा हात घट्ट धरावा. शक्य असल्यास त्याला उचलून घ्यावे. वाहन मागे येत असेल तर ते पूर्ण थांबेपर्यंत पुढे जाऊ नये. बांधकामाच्या फाटकासमोर उभे राहून बोलू नये. दुसरा रस्ता लांबचा असला तरी तोच वापरावा. पाळणाघराच्या दारासमोर रेती किंवा विटांचा ढीग पडू देऊ नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची आणि रुग्णवाहिका येण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे.

मुले दुसरीकडे केव्हा हलवावीत?

पुढीलपैकी एकही गोष्ट घडत असेल, तर त्या दिवसांपुरती मुले दुसऱ्या घरी ठेवावीत. यात तडजोड करू नये.

१. पाळणाघराला लागून असलेली भिंत किंवा इमारत पाडली जात असताना.
२. घराच्या भिंतीलगत खोल खोदाई होत असताना, किंवा घराच्या भिंतीला नव्या भेगा पडल्यास, गिलावा गळू लागल्यास, दारे-खिडक्या अडकू लागल्यास. अशा वेळी पालिकेच्या अभियंत्याने पाहणी करून घर सुरक्षित असल्याचे सांगेपर्यंत मुले परत आणू नयेत.
३. घरावरून क्रेनने माल नेला जात असताना.
४. ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढले जात असताना.
५. घरात दम्याचे मूल, अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले बाळ किंवा हृदयाचा आजार असलेले मूल असून धुळीचे काम पाणी न मारता चालू असताना. हा नियम किमान त्या मुलापुरता तरी लागू करावा.

अशी वेळ आयत्या वेळी आली की पालक रजा शोधू लागतात आणि पाळणाघर चालविणाऱ्या भगिनींना महिन्याच्या पैशांची चिंता लागते. म्हणून पर्यायी घर आधीच ठरवून ठेवावे. दोन गल्ल्या पलीकडचे एखाद्या मुलाचे स्वतःचे घर, नातेवाइकांचे घर किंवा जवळची अंगणवाडी-सह-पाळणाघराची सोय, यांची चौकशी करावी. पाळणाघर चालविणाऱ्या त्याच भगिनी मुलांसोबत तेथे गेल्या, तर मुलांना परके वाटत नाही आणि त्यांचे उत्पन्नही बुडत नाही. पाडकामाच्या दिवसांचे शुल्क कसे धरावे, हे पालकांनी त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवावे. उत्पन्न बुडण्याच्या भीतीने धोक्याची गोष्ट लपविली जाण्यापेक्षा, "ताई, ते चार दिवस आमच्या घरी सांभाळा, पैसे कापणार नाही" असा शब्द आधी दिलेला बरा. मुलाची सुरक्षितता त्या शब्दावर बरीच अवलंबून असते.

आजाराची लक्षणे ओळखा

धुळीमुळे थोडी शिंक किंवा डोळे लाल होणे हे मूल धुळीपासून दूर नेल्यावर सहसा कमी होते. परंतु खोकल्यासोबत श्वास जलद होत असेल, तर श्वास मोजावा. मूल शांत असताना, रडत नसताना, पोटाच्या किंवा छातीच्या हालचालीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. जलद श्वासाची मर्यादा अशी :

दोन महिन्यांखालील बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक
२ महिने ते १२ महिन्यांखालील : ५० किंवा अधिक
१ वर्ष ते ५ वर्षांखालील : ४० किंवा अधिक

मर्यादा ओलांडल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, दूध किंवा पाणी न पिणे, प्रत्येक घोटाची उलटी होणे, झटके येणे किंवा मूल सुस्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. दम्याच्या मुलाचा इन्हेलर, त्याच्या वापराची लेखी सूचना आणि पालकांचा क्रमांक पाळणाघरात असलाच पाहिजे.

तातडीचे प्रथमोपचार

डोळ्यांत सिमेंट किंवा चुना गेल्यास : डोळा चोळू देऊ नये. चुन्याचे कोरडे कण पापण्यांवरून हलकेच झटकावेत आणि लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा. त्यानंतर रुग्णालयात न्यावे. तूप, मध, गुलाबपाणी घालू नये.

त्वचेवर ओले सिमेंट लागल्यास : कपडे व चपला काढून भरपूर पाण्याने धुवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये.

खिळा किंवा सळई लागल्यास : जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे. खोल रुतलेली वस्तू ओढून काढू नये. धनुर्वाताच्या लशीसाठी लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. या लशीचे बूस्टर डोस १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षे या वयात दिले जातात. राहिला असल्यास तो आजच घ्यावा.

डोक्याला मार लागल्यास : बेशुद्धी, वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटके, कान-नाकातून रक्त किंवा पाणी येणे, दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, ही लक्षणे धोक्याची आहेत. लगेच रुग्णालयात न्यावे.

थिनर किंवा रंग पोटात गेल्यास : उलटी करवू नये. डबा सोबत घेऊन रुग्णालयात न्यावे.

विजेचा धक्का बसल्यास : मुलाला स्पर्श करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

दाराच्या आत लावण्याची यादी

सर्वसाधारण आपत्कालीन मदत : ११२
रुग्णवाहिका : १०८
अग्निशमन दल : १०१
बालकांसाठी मदतवाहिनी : १०९८
एलपीजी गळती : १९०६
बांधकामावरील सुपरवायझर : ____________
प्रत्येक मुलाच्या आई किंवा वडिलांचा क्रमांक : ____________
जवळचे आरोग्य केंद्र व आशा कार्यकर्ती : ____________
ठरविलेले पर्यायी घर : ____________

रिकाम्या जागा काम सुरू होण्यापूर्वीच भराव्यात. या पत्रकातील कोणतीही गोष्ट समजली नसल्यास जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा आपल्या भागातील आशा कार्यकर्तीला विचारावे.